परदेशात रोख आणि कार्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परकीय चलनाच्या काउंटरवर बसून मला बरीच वर्षे झाली. मे महिना किंवा दिवाळीची सुट्टी जवळ आली की फोन सुरू होतात. आवाज वेगळे, प्रश्न तेच. शेवटी सगळे एकदा लिहून काढले. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. चलनाचे दर रोज हलतात, त्यामुळे दरांपेक्षा हिशोबाच्या रीतीवर भर दिला आहे.

१. रोख न्यायची की कार्ड? एकच काय ते सांगा.

एकच सांगितले तर तुमचे नुकसान होईल. दोन्ही न्या आणि वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. नवरा-बायको आठ दिवस थायलंडला निघाले असतील तर मी साधारण असे सांगतो: तीनशे ते चारशे डॉलर रोख, रोजच्या खर्चाला एक फॉरेक्स कार्ड (आधीच परकीय चलन भरून ठेवलेले कार्ड), आणि अडीअडचणीला एक क्रेडिट कार्ड, तेही हॉटेलच्या लॉकरमध्ये. युरोपला रोख कमी लागते. स्वीडनमध्ये तर काही दुकाने नोट घेतच नाहीत. उलट जपान आणि जर्मनी म्हटले की लोकांना सगळे यंत्रावर चालत असेल असे वाटते, पण तिथल्या छोट्या खाणावळींत आजही रोख मागतात.

कार्डे दोन वेगळ्या नेटवर्कची असू द्या, एक व्हिसा आणि एक मास्टरकार्ड. आणि कृपा करून दोन्ही एकाच पर्समध्ये ठेवू नका. पर्स गेली की दोन्ही जातात.

२. जास्तीत जास्त किती डॉलर रोख नेता येतात?

बहुतेक देशांसाठी माणशी एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंतच्या परकीय नोटा. इराक आणि लिबियासाठी ही मर्यादा ५,००० डॉलर आहे. इराण, रशिया आणि जुन्या सोव्हिएत संघातले काही देश यांना वेगळी सूट आहे. याहून जास्त पैसे लागत असतील तर ते कार्डवर घ्या किंवा बँकेतून पाठवा. सगळे मिळून एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलर बाहेर नेता किंवा पाठवता येतात. लहान मुलांचीही स्वतंत्र मर्यादा असते, त्यांच्या फॉर्मवर पालक सही करतात.

ही झाली इथून निघतानाची मर्यादा. उतरताना तिथले नियम लागू होतात. अमेरिकेत १०,००० डॉलरहून जास्त रोख असेल तर ती जाहीर करावी लागते, आणि हा आकडा एकत्र प्रवास करणाऱ्या अख्ख्या कुटुंबाचा धरतात. चौघांनी आपापल्या पर्समध्ये तीन-तीन हजार ठेवले तर बारा हजार होतात. पैसे नेणे गुन्हा नाही, ते लपवणे गुन्हा आहे. युरोपीय संघात १०,००० युरो किंवा त्याहून जास्त असतील तर जाहीर करायचे.

३. आपले रुपये बरोबर ठेवले तर चालतील ना?

जाताना आणि येताना २५,००० रुपयांपर्यंत चालतात. परतल्यावर विमानतळावरून घरी जायच्या टॅक्सीपुरते ठेवावेतच. मात्र बँकॉक किंवा पॅरिसला रुपये देऊन चलन घेण्याच्या भरवशावर जाऊ नका. तिथे दर इतका पडका देतात की नोट परत खिशात टाकावीशी वाटते.

नेपाळ आणि भूतान या दोन देशांची गोष्ट निराळी. भूतानचे न्गुलत्रुम आपल्या रुपयाशी एकास एक बांधलेले आहे आणि रुपया तिथे सरळ चालतो. नेपाळमध्ये भारताचे १०० म्हणजे तिथले १६०, हा दर ठरलेला आहे. काठमांडूचा दुकानदार भाव सांगताना ‘आयसी की एनसी’ असे विचारतो, म्हणजे भारतीय रुपयांत की नेपाळी. हे न विचारता पैसे मोजले तर साठ टक्के जास्त द्याल. नेपाळला शंभराच्या आणि त्याखालच्याच नोटा न्या. मोठ्या नोटांचे तिथले नियम बदलत आले आहेत, शंभराची कुठे अडत नाही.

४. चलन कुठून घ्यावे? विमानतळावर मिळतेच की.

मिळते, आणि सगळ्यात महागही तिथेच मिळते. आठवडाभर आधी शहरातल्या दोन अधिकृत मनी चेंजरांना आणि तुमच्या बँकेला फोन करा. ‘आजचा दर काय’ असे विचारू नका, कारण त्याचे गोड उत्तर प्रत्येकाकडे तयार असते. ‘हजार डॉलर हवेत, सगळे धरून माझ्या खात्यातून किती रुपये जातील?’ असे विचारा. मग सेवा शुल्क, घरपोच आणून द्यायचे पैसे आणि जीएसटी सगळे एका आकड्यात येते आणि तुलना करता येते.

जीएसटीचा हिशोब अवघड नाही. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का हे सेवेचे मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के कर लावतात. म्हणजे लाखाला १८० रुपये, आणि छोट्या व्यवहारात कमीत कमी ४५. कुणी याहून जास्त जीएसटी सांगितला तर बिल मागा.

पासपोर्ट, पॅन, तिकीट आणि लागत असेल तर व्हिसा बरोबर आणा. ५०,००० रुपयांच्या आतली रक्कम रोख देता येते, त्यावरची प्रवाशाच्या स्वतःच्या बँक खात्यातून द्यावी लागते. प्रवासाच्या फार आधीही घेऊन ठेवू नका. घेतलेले चलन ६० दिवसांत वापरले नाही तर ते परत करावे लागते.

५. थायलंडचे बाथ, व्हिएतनामचे डाँग इथूनच घेऊ की डॉलर नेऊन तिथे बदलू?

डॉलर, युरो, पाउंड, दिरहम, सिंगापूर डॉलर इथे चांगल्या दरात मिळतात, ते इथूनच घ्या. दिरहम डॉलरशी ३.६७ च्या आसपास बांधलेला आहे, त्यामुळे दुबईला डॉलर नेऊन तिथे बदलण्यात फायदा नाही, फक्त दोनदा कमिशन जाते.

बाथ इथे मिळतात, पण दरात मार खातात. पहिल्या दिवसापुरते घ्या, बाकीचे डॉलर बँकॉक शहरात बदला. तिथे शंभराच्या नोटेला एक दर असतो आणि पाच-दहाच्या नोटांना त्याहून कमी, म्हणून बदलायच्या नोटा मोठ्या न्या. डाँग आपल्याकडे मिळणे कठीण, तिथे डॉलरच न्यावे लागतात.

व्हिएतनामला जाणाऱ्यांना मी एक गोष्ट काउंटरवर दाखवूनच सांगतो. तिथली २०,००० ची नोट निळी आहे आणि ५,००,००० चीही निळीच. दोन्ही प्लास्टिकच्या, दोन्हींवर हो ची मिन्ह यांचे चित्र. रात्री टॅक्सीच्या मंद दिव्यात वीस हजार म्हणून पाच लाख दिले की पंचवीसपट भाडे गेले. पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. किमतीचा अंदाज हवा तर शेवटची तीन शून्ये काढा आणि सव्वातीन-साडेतीनने गुणा, साधारण रुपये मिळतात.

बालीत फलकावर सगळ्यांहून चढा दर लावलेली छोटी दुकाने दिसतील. नोटा तुमच्यासमोर मोजतात, मग पुन्हा एकदा सारख्या करायला हातात घेतात, आणि तेवढ्यात चार-पाच नोटा टेबलाखाली जातात. शेवटची मोजणी तुमच्या हाताने झाली पाहिजे. त्यानंतर गठ्ठा त्याच्या हातात द्यायचा नाही.

६. डॉलरची नोट जुनी किंवा शिक्का मारलेली असली तर?

अमेरिकेत चालते, इतरत्र कटकट होते. आग्नेय आशियातले आणि आफ्रिकेतले अनेक चेंजर फाटलेली, पेनाने लिहिलेली किंवा शिक्का पडलेली नोट नाकारतात, किंवा दर पाडून मागतात. शंभराची नोट २०१३ पासूनच्या मालिकेतली, मधोमध निळी पट्टी असलेली, मागून घ्या. काउंटरवरच एकेक उलटून पाहा. मागे रांग असली तरी पाहा, तो तुमचा हक्क आहे.

७. फॉरेक्स कार्ड चांगले की नेहमीचे क्रेडिट कार्ड?

फॉरेक्स कार्डात तुम्ही आधीच डॉलर किंवा युरो भरून ठेवता, त्यामुळे दर त्याच दिवशी ठरतो. नंतर रुपया घसरला तरी तुम्हाला फरक पडत नाही. क्रेडिट कार्डावर बहुतेक बँका दोन ते साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे दरावर वाढीव शुल्क, लावतात आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. साडेतीन टक्के धरले तर १०,००० रुपयांच्या खरेदीवर ३५० अधिक ६३, म्हणजे ४१३ रुपये वर जातात. शिवाय दर स्वाइप केल्या क्षणाचा लागेलच असे नाही, व्यवहार बँकेत पक्का होतो तेव्हाचा लागू शकतो. मार्कअप नसलेली काही कार्डे आता मिळतात. तुमच्याकडे तसे असेल तर खरेदीला तेच वापरा.

फॉरेक्स कार्डाची मेख चलनात असते. कार्डात डॉलर भरले आणि स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक दिले, की बँक आपल्या दराने बदलते आणि वर शुल्क लावते. ज्या देशाला जाल तेच चलन भरा. क्रेडिट कार्डाचा खरा उपयोग कुठे आहे ते प्रश्न १३ मध्ये आले आहे.

८. मशीन विचारते, रुपयांत घेऊ की तिथल्या चलनात. काय दाबायचे?

तिथले चलन. दर वेळी.

सगळ्यात जास्त पैसे लोक इथे घालवतात. रुपयांत आकडा दिसला की जीव भांड्यात पडतो, आपण काय देतोय ते कळले असे वाटते. पण तो दर तुमच्या बँकेचा नसतो. तो दुकानाच्या यंत्रामागच्या कंपनीचा असतो आणि त्यात त्यांचा घसघशीत नफा धरलेला असतो. त्यावर आपली बँक परदेशी व्यवहार म्हणून पुन्हा शुल्क लावते ते वेगळेच.

मला हे सगळे ठाऊक असूनही प्रागला फसलो. सकाळी घाईत हॉटेल सोडताना काउंटरवरच्या बाईंनी मशीन पुढे केले, पडद्यावर वर हिरव्या बटणाशी रुपयांचा आकडा आणि खाली बारीक अक्षरांत कोरुना. बोट हिरव्यावर गेले. पावती पाहिल्यावर लक्षात आले आणि बाईंना व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगितला. त्यांनी कुरकुर न करता केला. तुम्हीही सांगा, पण मशीनसमोर उभे असतानाच. स्टेटमेंट आल्यावर बँकेशी भांडून काही मिळत नाही, कारण पावतीवर तुमची संमती छापलेली असते.

एटीएमही हाच प्रश्न विचारते, तिथे शब्द जरा फसवे असतात. ‘रूपांतर मान्य’ आणि ‘रूपांतर नको’ असे दोन पर्याय येतात. ‘नको’ दाबले तरी पैसे मिळतात, व्यवहार रद्द होत नाही. वेबसाइटवर हॉटेल किंवा तिकीट घेतानाही किंमत कोणत्या चलनात लावली आहे ते पाहून घ्या.

९. कार्ड इथे रोज चालते, तिथे पहिल्याच दुकानात नाकारले. का?

बहुधा परदेशी वापर बंद आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवे कार्ड मुळात फक्त देशांतर्गत वापरासाठी सुरू असते. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन परदेशातले दुकान, एटीएम, ऑनलाइन आणि टॅप हे चार खटके वेगवेगळे सुरू करावे लागतात. लोक एक सुरू करतात आणि बाकीचे विसरतात. प्रत्येकाची मर्यादाही तिथेच ठरवा. परत आल्यावर सगळे बंद करा, हे मात्र कुणीच करत नाही.

१०. तिथल्या एटीएममधून पैसे काढणे परवडते का?

अधूनमधून, मोठ्या रकमेत. दर वेळी दोन शुल्के लागतात, एक तुमच्या बँकेचे आणि एक त्या एटीएमचे. थायलंडमध्ये परदेशी कार्डाला एका वेळी २२० बाथ किंवा त्याहून जास्त कापतात. हजार बाथ काढले तर पाचवा हिस्सा शुल्कातच गेला. जपानमध्ये परदेशी कार्ड सगळ्या एटीएममध्ये चालत नाही, सेव्हन-इलेव्हन दुकानांतले चालते.

क्रेडिट कार्डावर रोख काढू नका. रोख काढण्याचे शुल्क लागतेच, वर पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. खरेदीला मिळते ती व्याजमुक्त मुदत इथे नसते.

११. आता यूपीआय परदेशातही चालते म्हणतात. मग कार्ड कशाला?

भूतान, नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, फ्रान्स अशा ठिकाणी चालते, पण ‘चालते’ म्हणजे सगळीकडे नव्हे. फ्रान्समध्ये सुरुवात २०२४ मध्ये आयफेल टॉवरच्या तिकिटांपासून झाली. त्यावरून कोपऱ्यावरच्या बेकरीत क्यूआर शोधू नका. भूतान-नेपाळमध्ये खरोखर सोय होते. ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय यूपीआय वेगळे सुरू करावे लागते, ते ठरावीक दिवसांपुरतेच चालू राहते, आणि फोनला तिथे इंटरनेट हवे. पैसे देण्याआधी पडद्यावर रुपयांतली पूर्ण रक्कम दिसते, ती वाचा.

१२. टीसीएस म्हणून वीस टक्के कापतात हे खरे?

टीसीएस म्हणजे पैसे देतानाच गोळा केला जाणारा आगाऊ कर. तो सरसकट वीस टक्के नाही. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात, एका पॅनवर, १० लाख रुपयांपर्यंतच्या चलनखरेदीवर टीसीएस नाही. प्रवासासाठी त्यापुढे जाणाऱ्या रकमेवर २० टक्के. रोख, फॉरेक्स कार्ड आणि परदेशात वापरलेले डेबिट कार्ड असे सगळे या दहा लाखांत धरले जाते. परदेशात असताना क्रेडिट कार्डावर केलेला खर्च सध्या त्यात धरत नाहीत.

परदेशी सहलीच्या पॅकेजला मात्र दहा लाखांची सूट नाही, तिथे पहिल्या रुपयापासून टीसीएस लागतो. त्याचा दर अर्थसंकल्पागणिक बदलत आला आहे, म्हणून बुकिंगच्या बिलावर तो वेगळा दाखवायला सांगा. हे पैसे बुडत नाहीत. तुमच्या पॅनवर जमा होतात आणि विवरणपत्र भरताना करातून वळते होतात किंवा परत मिळतात. बिल कुणाच्या पॅनवर घ्यायचे ते आधी ठरवा. विवरणपत्र भरतच नाहीत अशा आजींच्या पॅनवर घेतले, तर ते सोडवायला आजींचे विवरणपत्र भरत बसावे लागते.

१३. हॉटेलने खोली देताना कार्डातून पैसे अडवले आणि परत केलेच नाहीत.

दुबई-सिंगापूरकडून हा फोन हटकून येतो. हॉटेल अनामत म्हणून रक्कम होल्ड करते, खोली सोडली की होल्ड काढते, पण बँकेकडून ती रक्कम मोकळी व्हायला काही दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. फॉरेक्स किंवा डेबिट कार्ड दिले असेल तर तुमचे खरे पैसे अडकतात आणि सहलीच्या तिसऱ्या दिवशी कार्ड रिकामे होते. म्हणून अनामतीला क्रेडिट कार्ड द्या. त्यात फक्त मर्यादा अडते. हॉटेल सोडताना अंतिम बिलाची प्रत घ्या आणि पैसे ज्या कार्डावर द्यायचे ते वेगळे पुढे करा. भाड्याच्या गाडीलाही हेच लागू, आणि तिथे क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचे मागतात.

१४. लंडनच्या बसमध्ये आम्ही दोघे एकाच कार्डावर टॅप करू शकतो का?

नाही. तिथल्या बसने २०१४ पासून रोख घेणे बंद केले आहे आणि प्रत्येक माणसाला स्वतंत्र कार्ड लागते. शिवाय तुमच्या कार्डावर टॅप केले आणि परतताना त्याच खात्याच्या फोनवर, तर यंत्र त्याला दोन वेगळे प्रवासी समजते आणि दिवसाची कमाल भाडेमर्यादा दोन्हींकडे वाटली जाते. सकाळी जे वापरले तेच रात्रीपर्यंत. आई-बाबांकडे कार्ड नसेल तर त्यांच्यासाठी ऑयस्टर कार्ड, म्हणजे तिथल्या प्रवासाचे पैसे भरून वापरायचे कार्ड, घ्या.

१५. अमेरिकेत मुलीकडे आलोय. हॉटेलात ४० डॉलरचे बिल दिले, स्टेटमेंटवर ४७ आले. कार्ड कुणी वापरले का?

नाही, ती टिप आहे. तिथे कार्ड आधी मूळ बिलासाठी चालवतात, मग पावतीवर तुम्ही हाताने टिप लिहून सही करता, आणि वेटर नंतर ती रक्कम वाढवतो. पहिला एसएमएस ४० चा येतो, पक्का व्यवहार ४७ चा होतो. तुमच्याकडची पावती जपून ठेवा. लिहिल्यापेक्षा जास्त आले तरच तक्रार करा.

त्याच प्रवासात पेट्रोल पंपही अडवेल. पंपावरचे यंत्र पाच आकडी झिप कोड (तिथला पिनकोड) मागते आणि आपल्या कार्डाला तो नसतो. आत दुकानात जाऊन पंपाचा क्रमांक सांगा आणि आधी पैसे भरा. कमी तेल बसले तर उरलेले परत कार्डात येतात.

१६. कार्ड हरवले, आणि इथले सिमही बंद आहे. ओटीपी कसा येणार?

निघण्याआधी सिमवर रोमिंग सुरू करा, निदान एसएमएस येतील इतके. आणि एका कागदावर बँकांचे परदेशातून लागणारे क्रमांक लिहून तो सुटकेसमध्ये ठेवा. फोन आणि कार्ड एकत्र गेले तर फोनमध्ये जपलेले क्रमांक काय कामाचे?

हरवल्याचे कळताच कार्ड ॲपमधून किंवा फोन करून बंद करा, तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. परदेशी वेबसाइटवर अनेकदा ओटीपी लागतच नाही, त्यामुळे ‘ओटीपी माझ्याकडे आहे, कोण काय करणार’ या भरवशावर राहू नका. तुमची किंवा बँकेची चूक नसताना त्रयस्थाने पैसे काढले आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत तुम्ही कळवले, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार तुमच्यावर तोशीस पडत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत मर्यादित भार पडतो, त्यानंतर बँकेच्या धोरणावर.

१७. उरलेले डॉलर पुढच्या सहलीसाठी ठेवले तर चालेल?

२,००० डॉलरपर्यंत चालेल. त्यावरचे परतल्यापासून १८० दिवसांत विकायचे. येताना ५,००० डॉलरहून जास्त नोटा असतील तर विमानतळावर कस्टमला जाहीर करा. फॉरेक्स कार्डातले उरलेले पैसे बँकेला सांगून खात्यात घ्या. कार्ड ड्रॉवरमध्ये पडून राहिले तर काही बँका न वापरल्याचे शुल्क कापत राहतात.

नाणी कुणी विकत घेत नाही. युरोचे मोठे नाणे दोनचे असते, म्हणजे मूठभर नाण्यांत हजार रुपये सहज राहतात. शेवटच्या दिवशी कॉफीला तीच मोजून द्या. जर्मनीत सुपरमार्केटची ट्रॉली सोडवायला एक युरोचे नाणे लागते, एक तेवढे शेवटपर्यंत राखा.

१८. वडिलांच्या कपाटात जुने पाउंड सापडले. वाया गेले का?

नाही. इंग्लंडमध्ये कागदी २० आणि ५० पाउंडांच्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालत नाहीत, पाच आणि दहाच्या त्याआधीच गेल्या. पण बँक ऑफ इंग्लंड आपल्या जुन्या नोटा कधीही बदलून देते. तिकडे जाणाऱ्या नातेवाइकाबरोबर पाठवा, ओळखपत्र लागते. स्विस फ्रँकची आधीची मालिका २०२१ मध्ये बाद झाली, तीही तिथली मध्यवर्ती बँक मुदतीशिवाय बदलून देते. पाचशे युरोची जांभळी नोट २०१९ पासून नव्याने चलनात आणत नाहीत, पण ती आजही वैध आहे. आमच्या काउंटरवर मात्र यातली कुठलीही घेत नाहीत, इथे फक्त चालू मालिका. कपाटात फ्रेंच फ्रँक किंवा इटालियन लिरा निघाले असतील, तर लिराची मुदत २०११ मध्ये आणि फ्रँकची २०१२ मध्येच संपली. ते नातवंडांना द्या, लिराच्या नोटेवरची शून्ये त्यांना आवडतील.